देवीला गेलेला बैल

आमच्या घरात जुनी सालं आकड्यांवरून सांगत नसत, बैलांवरून सांगत. ‘राजा विकला ते साल’, ‘पवळ्या बुळकांडीत गेला ते साल’, ‘वारंगुळ्यानं पेरलं ते साल’. माझ्या आजीला स्वतःच्या लेकरांची जन्मसालं येत नव्हती. पण कोणता बैल कोणत्या पाडव्याला दावणीला आला आणि कशापायी गेला, हे झोपेतून उठवून विचारलं तरी ती सांगायची. उन्हाळ्यात माळवदावर बाजा टाकल्या की आम्ही नातवंडं तिच्याभोवती गोळा व्हायचो, आणि कुणीतरी विचारायचंच, "राजा काहून विकला गं आजी?"

"विकला न्हाई रं बाबा. देवीला गेला."

मला कितीतरी वर्षं वाटायचं, बैल देवीच्या नावानं सोडून दिला असेल, जसा पोळ सोडतात. खरी गोष्ट कळली तेव्हा मी मॅट्रिकला होतो.

झरी हे आमचं गाव परभणीहून जिंतूरकडं जाणाऱ्या रस्त्यावर आहे. काळी जमीन, ज्वारी, कापूस, तूर. मी सांगतोय ते साल रझाकाराच्या आधीचं, चार-पाच वर्षं आधीचं. मुलूख निजामाचा, कचेरी आणि शाळा उर्दूत, रुपया हाली. 7 हाली रुपये दिले की इंग्रजांचे 6 कलदार मिळत. चैत्र सरत आला होता, आणि माझ्या आत्याला ताप भरला. ती सात-आठ वर्षांची. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तोंडावर पुरळ उठलं आणि आजीनं ओळखलं.

देव्या आल्या म्हणजे घरात पाहुणी आली असंच धरायचं. दाराला लिंबाचे डहाळे, अंथरुणाखाली लिंबाचा पाला. फोडणी बंद, तळण बंद, कपडे धुणं बंद, आबांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, दाढी करायची नाही. ज्या बाईच्या तोंडावर जुने वण, तिनंच लेकराजवळ बसायचं. एकदा येऊन गेलेली देवी त्या माणसाकडं परत येत नाही हे गावाला पक्कं माहीत होतं. आजीच्या तोंडावर लहानपणचे वण होते, म्हणून ती बसली. "तीळ ठेवायला जागा नव्हती आंगावर," ती सांगायची. आत्याची खपली धरायला लागली तोवर धाकटा काका तापला. तो तीन वर्षांचा. अकराव्या दिवशी गेला. आत्या वाचली, उजवा डोळा मात्र गेला.

माझे वडील तेव्हा मामाच्या गावी होते. तिथं आधल्या हिवाळ्यात देव्या काढणारा माणूस आला होता आणि मामांनी भाच्यालाही रांगेत उभं केलं होतं. दंड दोन दिवस सुजला, थोडा ताप आला, बस्. एकाच आईची ही लेकरं. एकाच्या दंडावर दोन गोल वण, दुसरीचं तोंड वणांनी भरलेलं, तिसऱ्याला पुरून टाकलेलं.

आता राजाची गोष्ट. चाळीस दिवस आजी शेतात गेली नाही, आबाही धड गेले नाहीत. नांगरट अर्धवट राहिली. नवसाचं बोकड, भगताची विदागी, डोळ्यासाठी परभणीच्या दोन खेपा, घरात संपलेले दाणे. या सगळ्याला सावकाराकडून पैसे काढले. मृगाच्या तोंडावर त्यानं तगादा लावला आणि आबांनी राजा विकला, ऐंशी हाली रुपयांना. घेणाऱ्याला आमची निकड ठाऊक होती, त्यामुळं भाव त्यानंच ठरवला. उरला एक बैल. शेजाऱ्याचाही एकच. दोघांनी वारंगुळा केला. आधी त्याचं रान पेरायचं, मग आमचं. आमच्या तिफणीला वाफसा उरला नाही. त्या साली खळ्यावर आलेली रास आजी हातानं दाखवायची, गुडघ्याइतकी.

पुढच्या पाडव्याला आबा सावकाराकडं साल धरून राहिले. एक साल म्हणता तीन सालं गेली. घरची गुरंढोरं कुणी राखायची, म्हणून वडील शाळेतून निघाले, तिसरीतून. आत्याला जागा येईना. शेवटी एका बिजवराला दिली; त्याची पहिलीची दोन लेकरं होती. "गोरी व्हती, नाकी-डोळी चांगली व्हती," आजी दर वेळी म्हणायची. मग थांबून, "डोळी म्हंजी, आधी."

हे सगळं एका रोगाचं बिल. आज आरोग्याचं अर्थशास्त्र लिहिणारी माणसं या बिलाचे कप्पे पाडतात: औषधपाण्याचा खर्च, बुडालेली मजुरी, अपंगत्वामुळं आयुष्यभर घटलेली कमाई. आजीनं यातलं काही वाचलं नव्हतं, पण तिच्या गोष्टीत सगळे कप्पे ओळीनं येत. बोकड आणि भगत पहिल्यात, चाळीस दिवस दुसऱ्यात, आत्याचा डोळा तिसऱ्यात. वडिलांची सुटलेली शाळा कुठं लिहायची हे मला अजून ठरवता आलेलं नाही. मी पुढं जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर झालो. वर्गात एखादं पोर चार-सहा दिवस गैरहजर राहिलं की हजेरीच्या पटावर फुली मारताना माझा हात अडखळायचा.

आणि ही लस तेव्हा नवी होती असंही नाही. हिंदुस्थानात देवीची लस पहिल्यांदा टोचली गेली ती मुंबईत, 14 जून 1802 रोजी, ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला. इंग्लंडात जेन्नरनं लस शोधून तेव्हा सहाच वर्षं झाली होती. व्हिएन्नाहून बगदाद, बगदादहून बसरा, तिथून समुद्रमार्गे मुंबई, असा तिचा प्रवास झाला. बर्फ नाही, बाटली टिकत नाही. म्हणून एकाच्या दंडावरच्या फोडातला द्रव दुसऱ्याच्या दंडात, अशी ती बरीचशी वाट माणसांच्या अंगाअंगावरून आली. मुंबईहून पुणे, सुरत, मद्रास आणि हैदराबाद इथं ती पाठवली गेली. म्हणजे आमच्या राजधानीपर्यंत लस पोचली होती. तिथून झरीतल्या आमच्या उंबऱ्यापर्यंत यायला तिला पुढची एकशे चाळीस वर्षंही पुरली नाहीत.

असं मी एकदा जरा तावातावानं आजीला म्हणालो. शिकलेला नातू होतो, सरकारला, निजामाला बोल लावत होतो. आजी बराच वेळ गप्प राहिली. मग तिनं जे सांगितलं ते तिनं मला एकदाच सांगितलं.

"आल्ता की. देव्या काढणारा आल्ता गावात, आदल्या साली. म्या दोन्ही लेकरं घेऊन पऱ्हाटीत जाऊन बसले. दिवस मावळेस्तोवर."

"काहून?"

"टोचलं की लेकरू तापतंय. तापलेलं लेकरू पाठीला बांधून कापूस येचता येतो का? दोन दिवसाची मजुरी जाती. आन् लोक म्हनत देवी कोपते."

तिनं देवीचा कोप दुसऱ्यांदा सांगितला, मजुरी आधी. मला ते तेव्हा लक्षात आलं नाही, खूप पुढं आलं. अडाणी लोक लसीला घाबरत, असं आपण सहज लिहून जातो. आजी घाबरली असेलही. पण तिनं हिशोबही केला होता. दोन दिवसांची मजुरी तिच्या डोळ्यांसमोर होती, उद्याची होती. देव्या येतील की नाही हे कुणी सांगावं? समोरचं नुकसान तिला दिसलं, पुढचं दिसलं नाही. तिनं वाचवलेल्या दोन दिवसांच्या बदल्यात काय गेलं हे ती पुढची पन्नास वर्षं रोज पाहत राहिली, कारण आत्या विधवा होऊन माहेरीच परत आली होती.

गावाच्या पारावर बसणारे एक म्हातारे गृहस्थ होते. त्यांना सगळे ‘देवी डॉक्टर’ म्हणत. डॉक्टर नव्हते ते, आरोग्य खात्यात लस टोचक होते. त्यांच्याकडून मी या गोष्टीची दुसरी बाजू ऐकली. सुरुवातीला त्यांच्याकडं पातळ लस यायची. मुंबई इलाख्यात बेळगावच्या व्हॅक्सिन इन्स्टिट्यूटमध्ये वासरांच्या अंगावर अशी लस तयार करत. आपल्याकडचा वैशाख म्हणजे 42-43 अंश. सायकलवरच्या पेटीत ती लस दुपारपर्यंत मरायची. "मेलेली लस टोचायची आन् पोराला देव्या आल्या की लोकांच्या शिव्या खायच्या," ते म्हणायचे. 1962 मध्ये राष्ट्रीय देवी निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला आणि रशियानं भेट दिलेली सुकवलेली लस येऊ लागली. ती उन्हात तग धरायची. पुढं दुतोंडी सुई आली. तिच्या टोकांत एक थेंब मावायचा, पंधरा टोचे मारले की काम झालं. जुन्या फिरकीच्या यंत्रानं पोरं किंचाळत, आणि लसही जास्त लागे. एका सुईच्या आकारानं देशाचा किती पैसा वाचला असेल!

1974 साली देशात देवीची शेवटची मोठी साथ आली. 1 लाख 88 हजारांच्या वर रोगी, 31 हजारांच्या आसपास मृत्यू; बहुतेक बिहारात. आपल्याकडं तोवर रोग ओसरला होता, पण शोध थांबला नव्हता. देवी डॉक्टर शाळाशाळांत, बाजारांत एक रंगीत कार्ड घेऊन फिरत. त्यावर देव्या आलेल्या लेकराचा फोटो. "असं लेकरू कुठं पाह्यलं का?" रोगी दाखवणाऱ्याला बक्षीस होतं, आधी शंभर, मग हजार रुपये. त्यांचा स्वतःचा महिन्याचा पगार त्याच्या निम्माही नव्हता. लोक कांजण्यांची पोरं घेऊन धावत येत. हजार रुपये आमच्या पंचक्रोशीत कुणालाही मिळाले नाहीत, आणि हे सांगताना त्यांचा चेहरा असा फुलायचा की जणू ते त्यांनाच मिळाले. देशातली शेवटची रोगी 24 मे 1975 रोजी आसामच्या करीमगंजला सापडली, तीही बांगलादेशातून आलेली. 8 मे 1980 रोजी जागतिक आरोग्य संघटनेनं जगातून देवी गेल्याचं जाहीर केलं.

1967 पासूनच्या या जागतिक मोहिमेला सुमारे 30 कोटी डॉलर लागले. त्यातून जग दर वर्षी 100 कोटी डॉलरहून जास्त वाचवतं असा अंदाज आहे: लस नको, टोचक नको, बंदरांवरची तपासणी नको, दवाखाने नकोत. अमेरिकेनं या कामात घातलेली रक्कम तिला दर 26 दिवसांनी परत मिळत राहते, असा हिशोब पुढं मांडला गेला. असं बी कोणत्या शेतकऱ्यानं कोणत्या रानात पेरलं असेल?

मी ही बातमी आजीला सांगितली होती. तिनं विचारलं, "गेली म्हंजी कुठं गेली?"

"कुठंच नाही. संपली."

तिला ते पटलं नाही. ती नंतरही आषाढात लिंबाच्या झाडाखाली दहीभाताचा निवद ठेवत राहिली. ज्या पाहुणीनं घरातून एवढं नेलं ती अशी न सांगता जाईल, हे तिला खरं वाटत नसावं.

पवळ्याची गोष्ट मात्र वेगळी झाली, आणि मला वाटतं या सगळ्या विषयाची किल्ली तिच्यात आहे. निजाम गेला, मुलूख स्वतंत्र झाला, आबांनी पुन्हा जोडी उभी केली. त्यातला पवळ्या बुळकांडीत गेला. आधी डोळ्यांतून पाणी, मग तोंडात फोड, मग ढाळ. आठवड्याच्या आत जनावर आडवं. एकेका गावाची दावण मोकळी व्हायची. या रोगावर काम करणारी देशातली पहिली सरकारी प्रयोगशाळा 1889 मध्ये पुण्यात उघडली होती. पुढं ती हिमालयात मुक्तेश्वरला हलवली. तिथंच 1920 च्या दशकात बकऱ्यांतून काढलेली बुळकांडीची लस तयार झाली. 1954 मध्ये सरकारनं गुरांना ती टोचण्याची देशव्यापी योजना हाती घेतली. आमच्या गावात गुरांचे डॉक्टर आले त्या दिवशी वेशीपासून ओढ्यापर्यंत जनावरं उभी होती, असं वडील सांगत. कुणी बैल पऱ्हाटीत नेऊन लपवला नाही.

हे ऐकून मी दचकलो होतो. लेकरं लपवली आणि बैल नेऊन उभे केले? लेकरांवर माया कमी होती असं म्हणणाऱ्यानं माझ्या आजीचा चेहरा पाहायला हवा होता. गोष्ट अशी, की बैलाची किंमत बाजारात ठरलेली होती. ऐंशी रुपये, शंभर रुपये, सगळ्यांना पाठ. लस टोचली आणि शेजारच्या गावचे बैल मेले, आपले उभे राहिले, तर नफा किती हे कुणालाही बोटांवर मोजता यायचं. लेकराच्या जिवाचा, डोळ्याचा, शाळेचा भाव कुठल्याच बाजारात नव्हता, म्हणून तो हिशोबात धरायचं राहून गेलं. बुळकांडीही शेवटी गेली. 2011 साली ती जगातून संपल्याचं जाहीर झालं. देवीनंतर माणसानं संपवलेला हा दुसराच रोग. 2022 मध्ये लम्पी आला तेव्हा राज्य सरकारनं भरपाई ठरवली: गायीला 30 हजार, बैलाला 25 हजार, वासराला 16 हजार. शेळ्यांच्या देवीची लस गायींना फुकट टोचली. पुन्हा तेच, सगळे जनावरं घेऊन हजर.

लसीचा गुणगौरव करताना एक गोष्ट लपवू नये. टोचलेल्या प्रत्येक सुईचे पैसे वसूल झाले असं नाही. आबा पंढरीला जायचे तेव्हा वाटेत पटकीची सुई घ्यावी लागे. तिच्यावाचून पुढं सोडत नसत. दंड दोन दिवस ठणकायचा. ती लस अर्धवटच राखण करायची, तीही थोडे महिने. पटकी हटली ती विहिरींत औषध पडू लागलं, नळ आले, मरीआईचा गाडा शिवेबाहेर ढकलण्याऐवजी घाण शिवेबाहेर गेली, तेव्हा. 1973 मध्ये तर परदेशप्रवासासाठीची पटकीच्या लसीच्या दाखल्याची सक्तीही उठली. बीसीजीचंही तसंच, तमिळनाडूतल्या चिंगलपेटला लाखो लोकांवर केलेल्या चाचणीत दिसलं, की मोठ्या माणसांचा फुप्फुसाचा क्षय ती रोखत नाही. तान्ह्या बाळांच्या मेंदूला होणारा क्षय ती अडवते, म्हणून ती आजही जन्मल्याबरोबर देतात, आणि ते योग्यच आहे. हिशोब प्रत्येक लसीचा वेगळा करावा लागतो. पण तो केला की बहुतेक वेळा रास खळ्यात मावत नाही. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या 94 देशांचा ताळा मांडला होता. लसीकरणावर घातलेल्या 1 डॉलरमागं आजारपणाचा वाचलेला खर्च 16 डॉलर. निरोगी, लांब आयुष्याची माणसं स्वतः जी किंमत धरतात ती मिळवली तर 44. आणि 2024 मध्ये आलेला आकडा सांगतो, की 50 वर्षांच्या लसीकरणानं जगात 15 कोटी 40 लाख जीव वाचले. त्यांतले 9 कोटी 40 लाख नुसत्या गोवराच्या लसीनं. गोवर! ज्याला आमच्याकडं रोगच मानत नसत. "गोवर निघाला, जाईल," एवढंच म्हणत.

मी शाळेत शिकत होतो तेव्हा माझ्या वर्गात एक मुलगा होता, हातांवर रांगत यायचा. पाय पोलिओनं गेलेले. त्याच्या वडिलांनी दोन एकर विकून त्याला कुठंकुठं नेलं, पाय आले नाहीत. मी नोकरीला लागलो त्यानंतर 9 डिसेंबर 1995 रोजी पल्स पोलिओची पहिली देशव्यापी फेरी झाली. मास्तर म्हणून रविवारी बूथवर बसायची पाळी येई. अंगणवाडीताई, नर्सबाई, मी आणि बर्फाच्या डब्यातली लस. पोराच्या डाव्या करंगळीला शाई लावायची, घराच्या भिंतीला खडूनं खूण करायची. एका फेरीत देशभर 17 कोटी लेकरं आणि 20 लाखांहून जास्त डोस पाजणारे. मास्तरांचे रविवार, डिझेल, बर्फ, हा सगळा खर्चच होता, आणि कुरकुर आम्हीही केली. 2009 मध्ये जगातले जवळपास निम्मे पोलिओ रोगी भारतात होते. 13 जानेवारी 2011 नंतर वन्य पोलिओ विषाणूचा एकही नाही. 27 मार्च 2014 ला देश पोलिओमुक्त ठरला. तो वर्गमित्र आमच्या बूथवर लेकरं धरून आणायचा, कुबड्यांवर. त्याला पाहून आयांचे हात आपोआप लेकराचं तोंड उघडत. भिंतीवरच्या कोणत्या पत्रकाला ते जमलं असतं?

मग 2021. कोरोनावरची कोविशील्ड पुण्यात, सीरममध्ये तयार होत होती; केंद्र सरकारला काही काळ 150 रुपयांना एक डोस पडत होता, खासगी दवाखान्यात तीच 780 रुपयांपर्यंत. अर्थसंकल्पात लसीसाठी 35 हजार कोटी ठेवले होते. आमच्या आरोग्य केंद्रात ज्येष्ठांची रांग लागली आणि त्या रांगेत माझी आत्या उभी होती, पंच्याऐंशीच्या घरातली, डोक्यावर पदर, एका डोळ्यानं समोरचं सगळं निरखत. अर्धं गाव अजून चाचपडत होतं. तिला कुणी आणलं नव्हतं; तीच मला म्हणाली होती, "चल, मला टोचून आन."

सुई झाली. बाकड्यावर अर्धा तास बसवलं. तिनं विचारलं, "किती पैसे झाले?"

"फुकट आहे आत्या."

"फुकट काय बी नसतंय," ती म्हणाली. "कोन्या तरी घरचा बैल गेला असंन."

मी तिच्याकडं पाहत राहिलो. त्या बैलाबद्दल ती तोवर माझ्याशी कधी एक शब्दही बोलली नव्हती.

आता सरकारी कार्यक्रमात बारा रोगांवरच्या लसी आहेत. दर वर्षी देशात 2 कोटी 60 लाखांच्या आसपास बाळं जन्मतात आणि त्या सगळ्यांसाठी हे विनामूल्य आहे. बाळाच्या पहिल्या वर्षाच्या लसी पूर्ण झाल्या की आशाताईला 100 रुपये मिळतात. पण बाळ घेऊन येणाऱ्या आईचा बुडालेला रोज अजूनही कुणी मोजत नाही. राजस्थानात उदयपूरच्या खेड्यांत अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्तेर दुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला होता. तिथं जेमतेम 6 टक्के मुलांच्या लसी पूर्ण होत. ठरल्या दिवशी नक्की भरणारी शिबिरं घेतली तर प्रमाण 18 टक्के झालं. त्याच शिबिरात दर सुईमागं आईला एक किलो डाळ आणि सगळ्या लसी झाल्यावर ताटं दिली, तर 39 टक्के. आणि डाळीचा खर्च धरूनही एका मुलामागचा एकूण खर्च जवळजवळ निम्म्यावर आला, कारण नर्स तर दिवसभर बसलेलीच असते. दहा लेकरांऐवजी वीस आली तर तिचा पगार काही वाढत नाही. एक किलो डाळ. माझ्या आजीला पऱ्हाटीतून बाहेर यायला तेवढी पुरली असती, असं मला मनापासून वाटतं.

गेल्या वर्षी दसरा झाल्यावर ऊसतोडीच्या टोळ्या निघाल्या. रस्त्याच्या कडेला ट्रॅक्टर उभे, ट्रॉलीत भांडी, सरपण, शेळ्या, लेकरं. आमची नर्सताई निरोप मिळताच लसीचा डबा घेऊन तिथं आली. मीही पारावरून उठून गेलो. एका पोरसवदा बाईच्या कडेवर लेकरू होतं. तिनं प्लॅस्टिकच्या पिशवीत, रेशनकार्डाच्या घडीत ठेवलेलं लसीचं कार्ड काढून दिलं. सगळ्या सुया वेळेवर. गोवर-रुबेलाची राहिली होती, ती नऊ महिने पूर्ण झाल्यावर देतात. लेकराला नऊ महिने भरायला चार दिवस कमी होते.

"चार दिवसांनी जिथं असशील तिथं टोचून घे," नर्सताई म्हणाली. "कारखान्यावर पण देतात. हा बघ माझा नंबर लिहिला."

"तिथं दवाखान्यात गेलं की खाडा धरत्यात," ती बाई म्हणाली. "आन् सुई दिल्यावर तापलं तर आनखी एक. कोयत्यामागं पाचशे कापत्यात. उचल घेतलीय ना ताई."

तिनं लेकराच्या तोंडावरून हात फिरवला. मी मुकादमाकडं गेलो. तो माझ्याच शाळेत शिकला होता, चौथीत माझ्या वर्गात होता. त्याला म्हणालो, या लेकराच्या सुईच्या दिवसाचा आणि दुसऱ्या दिवसाचा खाडा धरू नको. धरायचाच असेल तर माझ्याकडून घे, आत्ता घे. त्यानं मान खाली घातली, चप्पल मातीत घासली.

"बघू, गुरुजी," तो म्हणाला आणि ट्रॅक्टरवर चढला.